शेगावला असं नसतं

तुमच्या घरातही ते असतील. कुणाकडे ते काका असतात, कुणाकडे मेहुणे. आमच्याकडे बायकोचे मामा आहेत. कुठल्याही देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवायच्या आधी त्यांना दुसरंच देऊळ आठवतं. काहींना तिरुपती आठवतं, हल्ली अमृतसर आठवणारेही भेटतात. आमच्या मामांना शेगाव.

कार्तिकीला सगळं कुटुंब क्रूझरमध्ये कोंबून आम्ही सांगलीहून पंढरपूरला निघालो. दशमीच्या संध्याकाळी सांगोल्याला चहाला थांबलो. मामांनी कप उजेडात धरला, फिरवून बघितला आणि उसासा टाकला. ‘‘शेगावला भांडी बघा. तोंड दिसतं.’’ मागच्या सीटवरच्या पोरांनी तिथल्या तिथे खेळ काढला : मामाआजोबा ‘शेगावला’ म्हणाले की एक चिक्की. पंढरपूर यायच्या आत चिक्की संपली.

मठात खोली मिळाली, बादली सगळ्यांत मिळून एक. ‘‘शेगावला भक्तनिवासात...’’ मामांनी सुरुवात केली आणि मामींनी ती बादली त्यांच्याच हातात दिली. पहाटे चंद्रभागेवर गेलो. वाळवंटात टाळ-मृदंग, गर्दी, निर्माल्य, कुणाची तरी हरवलेली आजी. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, ‘‘शेगावला असं नसतं.’’

‘‘तिथे चंद्रभागा आहे का?’’ मामींनी विचारलं.

‘‘नाही. म्हणूनच फरशी कोरडी असते.’’

मेहुणा म्हणाला, मुखदर्शन घेऊ, दुपारी खिचडी खाऊन मोकळे. मामांनी त्याच्याकडे असं बघितलं, की पोरगा मुकाट्याने दर्शनबारीचं शेवटचं टोक शोधायला निघाला. ते गोपाळपूरच्याही पुढे होतं. थोड्या वेळाने त्याने टेकायला जागा शोधली, तर मामा म्हणाले, ‘‘यात्रेत देवाचा पलंगसुद्धा काढून ठेवतात. पाठीशी लोड देतात फक्त. तो रात्रंदिवस उभा आहे आणि तुला बसायचंय?’’ पंढरपूरचं एवढं बारीक ठाऊक असलेला माणूस दिवसभर बुलढाणा जिल्ह्यात का वावरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

बारीत आमच्या पुढे एक नऊवारीतल्या आजी होत्या. मामांना नवा श्रोता मिळाला. शेगावचे सेवेकरी कसे पांढऱ्या कपड्यांत उभे असतात, लहान-मोठं न बघता प्रत्येकाला ‘माउली’ कसे म्हणतात, कुणी कुणाला ढकलत कसं नाही, महाप्रसादाची पंगत कशी उठते, एक शीत खाली दिसत नाही. आजी मान डोलवत होत्या. मामांनी त्यांना स्टेशनवरून मंदिरात कसं जायचं, हेही समजावलं. शेवटी आजी म्हणाल्या, ‘‘मी शेगावचीच आहो ना बापा.’’

सगळी बारी हसली. आजी काही थांबल्या नाहीत. ‘‘आमची पालखी दर आषाढीले पायी इथंच येते. तिथं सगळं असतं, तं इतकी चालत कायले आली असती?’’

मामा गप्प झाले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. असा योग घरात कधी आलेला नव्हता. बारी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मग मामांनी घसा साफ केला. ‘‘पण ती पालखी बघा, कशी शिस्तीत येते!’’

आता जरा चिडूनच लिहितो. शेगावची तारीफ करणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ‘काय स्वच्छता, काय शिस्त’ असं म्हणत केळ्याची साल बारीच्या जाळीतून बाहेर टाकणारे मी त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिले. शेगावची फरशी लख्ख आहे, म्हणजे देशाच्या स्वच्छतेचा कोटा तिकडे भरला, आपण सुटलो, असा यांचा हिशेब असावा. मामाही त्यातलेच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

तर एका तरुणाने खिचडीचा द्रोण तिथेच पायाशी टाकला. मामा ओरडतील म्हणून मी कान तयार ठेवले. ते कठड्याला धरून, एक पाय लांब करून, वेडेवाकडे वाकले आणि त्यांनी द्रोण उचलला. खांद्याच्या पिशवीत टाकला. पिशवीत आधीच बरंच काही होतं : कप, साली, कुणाच्या तरी बिस्किटांचे कागद. तो पोरगा ओशाळला. मामा त्याला म्हणाले, ‘‘1878 साली शेगावात गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. टाकायच्या आधी आठवावं, माउली.’’ मग पुढे जवळजवळ गाभाऱ्यापर्यंत त्या पोराला शेगाव ऐकावं लागलं. शिक्षा म्हणून ती पुरेशी होती.

दर्शन क्षणभराचं झालं. डोकं टेकलं, कुणीतरी उचललं, बाहेर. विठोबासमोर मामा एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र काय बोलले, ते तुम्ही ओळखलंच असेल.

यात्रा सरली की प्रक्षाळपूजा करून देवाचा शिणवटा काढतात, काढा देतात. आमच्याकडे ते काम रात्री मठाच्या खोलीत मामींनी केलं. मामांचा सुजलेला गुडघा मांडीवर घेऊन त्या तेल चोळत होत्या आणि मामा घोरत होते. मी म्हटलं, ‘‘मामी, एवढं शेगावचं वेड, तर तिथेच का नाही राहत?’’

तेव्हा त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्या झाल्या मामांनी तिथे सेवेसाठी नाव दिलं होतं. नंबर लागायची वाट बघत पांढरा सदरा, पायजमा, टोपी शिवून घेतली. नंबर लागायच्या आत गुडघा गेला. ‘‘उभं राहवत नाही आता. मग काय करणार? टोपी ठेवलीय कपाटात. सदरा मात्र देवाला निघाले की घालतात.’’

कडक इस्त्रीचा तो पांढरा सदरा आम्ही प्रत्येक यात्रेत बघत आलो होतो. पोरांनी त्यावरही विनोद केले होते.

सकाळी मामांना आंघोळीचं पाणी गार मिळालं. शेगावला ते गरम असतं, असं कळलं.

तेव्हा पुढच्या कार्तिकीला दर्शनबारीत तुमच्या मागून कुणी ‘शेगावला असं नसतं’ म्हणू लागलं, तर वाद घालू नका. त्यांच्या खांद्यावरची पिशवी तेवढी तुमच्याकडे घ्या. जड असते, आणि गुडघा डावा आहे.