भाऊंची गाडी बसली

भोकरदन तालुक्यात मिरचीला भाव लागला की एक तर घरावर मजला चढतो, नाहीतर दारात गाडी येते. भाऊंच्या घरावर मजला आधीच चढलेला होता.

भाऊ म्हणजे अमुक एक माणूस नव्हे. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, 'यंदा जिल्हा परिषद लढायचीच' असं म्हणत दरवेळी दुसऱ्याच्या प्रचारात स्वतःचं डिझेल जाळणारा असा एक भाऊ प्रत्येक मोठ्या गावात असतोच. आमच्या धावड्याच्या भाऊंचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी पुण्याहून नऊ वर्षं वापरलेली जर्मन एसयूव्ही आणली. नवी असताना पाऊण कोटीची, भाऊंना पडली अठरा लाखांत. हा हिशेब ते एसटी स्टँडवर भेटेल त्याला सांगत. हिशेबात चूक नव्हती, फक्त तो अर्धाच होता. गाडीची किंमत दरसाल उतरते, पार्टची उतरत नाही. पार्ट शेवटपर्यंत पाऊण कोटीच्या गाडीचाच राहतो.

अर्थात हे वेड मराठवाड्याला नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकी करून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. भाऊ तेव्हा मोटारसायकलवर होते. पेपरातलं ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं. जमिनीचे कागद आणि ते कात्रण एकाच पिशवीत.

पहिले दोन महिने मजेत गेले. सनरूफमधून गावातल्या सगळ्या नवरदेवांची डोकी बाहेर येऊन गेली. मग एका सकाळी गाडी बसली. म्हणजे खरोखरच बसली. पुढचा डावा कोपरा पार खाली, चाक मडगार्डात शिरलेलं.

या गाडीला पाटे नाहीत, साध्या स्प्रिंगाही नाहीत. चारी चाकांवर रबरी फुगे असतात आणि कंप्रेसर त्यांत हवा भरतो. रबर आठ-दहा वर्षांत कडक होतं, घडीवर बारीक चीर जाते आणि रात्रीतून हवा उतरते. कंप्रेसर मग भरतच राहतो आणि शेवटी तापून जळतो. भाऊंनी आधी कंप्रेसर बदलला, कारण तो जळालेला दिसत होता. चीर दिसत नव्हती. महिनाभरात नवा कंप्रेसरही गेला.

ओट्यावरचे आबा काठी टेकत बघायला आले. "बसका निघाला म्हणा की! औताला जुपल्यावर बसणारा बैल आम्ही पोळ्याच्या आत विकून टाकायचो." गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, शेपूट पिरगाळून पाहिलं का?"

तेवढ्यात पोरं ट्रॅक्टर आणि दोर घेऊन हजर. अडकलेली बोलेरो ओढून काढणं हा त्यांचा हातखंडा. भाऊ आडवे पडायचेच बाकी होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यात चारी चाकांना ताकद. चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढलं तर गिअरबॉक्स मोडीत निघतो. तेव्हा संभाजीनगरहून सपाट ट्रक मागवला आणि गाडी त्यावर चढवून नेली. गावातून निघताना ती सर्वांत उंच दिसत होती, हे मात्र भाऊंनी तेव्हाही बोलून दाखवलं.

बिल चार पानी होतं. फुग्यासकट स्ट्रट, कंपनीचा घेतला तर एका कोपऱ्यालाच लाखाच्या घरात. ते भाऊंनी गिळलं. त्यांना लागली ती खालची ओळ : बोल्ट, नवे. "जुन्याला काय झालं होतं?" असे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, एकदा खोलले की फेकायचे. ज्या घरात वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून डब्यात ठेवतात, तिथल्या माणसाला हे कसं सोसावं? जुने बोल्ट भाऊंनी रुमालात बांधून आणले. गोठ्याचं फाटक आता जर्मन बोल्टांवर उभं आहे.

नंतर धुराड्याच्या फिल्टरचा दिवा लागला. डिझेलची काजळी या फिल्टरात साठते आणि तो साधारण सहाशे अंशांपर्यंत तापला की जळून जाते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांना असा फिल्टर सर्रास आला. भाऊंच्या गाडीला तो आधीपासूनच होता. एवढं तापायला वीसेक मिनिटं सलग पळवावी लागते. भाऊंची धाव घर, स्टँड, मळा एवढीच. मेकॅनिकनं सांगितलं, समृद्धीवर घाला. तेव्हापासून भाऊ सकाळी स्टँडवर काच खाली करून विचारतात, "जालन्याला येतं का कोणी? फिल्टर जाळायचाय." गावच्या कित्येक म्हाताऱ्यांचे डोळे या फिल्टरापायी तपासून झाले. डिझेल भाऊंचं, चहाही भाऊंचा.

मक्याच्या दिवसांत उंदरांनी वायरिंग खाल्लं, ते सांगत बसत नाही.

"विका की आता," असं मी एकदा म्हणून पाहिलं. गिऱ्हाईक आलं होतं म्हणे, सहा लाख देत होतं. भाऊ उखडले. "अहो, नुसते पार्टच साडेसात लाखांचे बसवलेत तिच्यात!" म्हणजे गाडी आता पार्टांपेक्षा दीड लाखानं स्वस्त झाली होती. मनात आलं, पण बोललो नाही. वहिनी आत चहा करत होत्या, त्यांनी भांडं जरा जोरातच आपटलं.

परवा भाऊंनी मला स्टँडपर्यंत सोडलं. डॅशबोर्डवर इंजिनाच्या दिव्याच्या जागी मरून रंगाची टिकली चिकटवलेली दिसली. वहिनींची.

"दिवा?" मी विचारलं.

"आता दिसत नाही ना?" भाऊ म्हणाले. "पाकिटात अजून अकरा आहेत."