मोकळा ट्रॅक्टर

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांत डिसेंबर आला की 'ट्रॅक्टर रन' निघतात. पंचक्रोशीतले शेतकरी ट्रॅक्टरांना दिव्यांच्या माळा गुंडाळतात, अंधार पडल्यावर रांगेने गावागावांतून फिरतात आणि लोक बादल्यांत पैसे टाकतात. पैसे जातात एखाद्या हॉस्पिसला, नाहीतर एअर अ‍ॅम्ब्युलन्सला. एवढी माहिती एरवी पुरते. शेजारी वाळवा तालुक्यातले ऊस बागायतदार सासरे उभे असले की पुरत नाही.

आमच्या श्रॉपशायरमध्ये त्या दिवसांत चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. आप्पा माकडटोपी, त्यावर नवऱ्याचं जाड जॅकेट, त्यावर सासूबाईंची शाल अशा थाटात रस्त्याकडेला उभे. दिव्यांची माळ तेवढी त्यांना घालायची राहिली होती.

पहिला आला एक अवाढव्य जॉन डिअर. टायरच्या खाचाखाचांतून निळे दिवे, पुढच्या लोडरला बांधलेला हवा भरलेला सांताक्लॉज प्रत्येक खड्ड्याला मान डोलावतोय, आणि केबिनमध्ये मालकाशेजारी लाल स्वेटर घातलेलं कुत्रं, अगदी सरपंचाच्या ऐटीत. पोरं टाळ्या पिटू लागली. आप्पा मात्र वाकून ट्रॅक्टरच्या मागे बघत होते.

"ट्रॉली कुठाय?"

"ट्रॉली नाही आप्पा, नुसता ट्रॅक्टर."

"मोकळाच?" दुसरा आला. "ह्योबी मोकळाच!" तिसऱ्याला त्यांनी नुसतीच मान हलवली.

त्यांचंही बरोबर होतं. सांगलीकडे डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. ट्रॅक्टरमागे उसाने ठासून भरलेल्या दोन ट्रॉल्या, चढाला पुढची चाकं उचलायला आलेली, आणि टेपवर अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं गाणं. त्या महिन्यात मोकळा ट्रॅक्टर दिसला तर एक तर ऊसतोडीची टोळी पळाली असं समजायचं, नाहीतर मालकाचं कारखान्याशी बिनसलं. इथे उलट. पेरण्या उरकलेल्या, रानं ओलीगच्च, यंत्रं शेडमध्ये. म्हणून तर मिरवणुकीला हाच महिना.

"मग उगं डिझेल का जाळायचं?"

नवऱ्याने हेलिकॉप्टरचं सांगितलं. दवाखाना लांब, रस्ते अरुंद, आणि शेती हा ब्रिटनमधला सर्वांत जीवघेण्या अपघातांचा धंदा. रस्त्यावरची रुग्णवाहिका सरकारी एनएचएसची. पण हेलिकॉप्टर चालवतात धर्मादाय संस्था, मुख्यतः लोकांच्या पैशांवर.

"म्हंजे उद्या आपल्यालाच न्यायला येणाऱ्या गाडीची वर्गणी," आप्पा म्हणाले आणि खिशात हात घातला.

बादलीवाली मुलगी आली. आप्पांनी वीस पौंडांची नोट फटीतून आत सोडली आणि उभे राहिले. मुलगीही हसत उभी राहिली.

"पावती?"

गणपती, जत्रा, कुस्त्यांचं मैदान अशा सगळ्या पावतीपुस्तकांना पुरून उरलेला माणूस तो. पावती मिळत नाही म्हटल्यावर ते तडजोडीवर आले. "मग धा तरी माघारी दे म्हणावं." बादलीचं झाकण सीलबंद होतं. मुलगी "मेरी ख्रिसमस" म्हणून पुढे गेली.

"गेले," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक छोटासा करडा ट्रॅक्टर फटफटत आला. केबिन नाही, छप्पर नाही. गुडघ्यांवर घोंगडी टाकून एक म्हातारा चालवत होता. तो फर्ग्युसन टीई-२०. कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात लाखोंनी बनलेला. "ह्योच फर्ग्युसन मॅसीतला," असं नवऱ्याने सांगताच आप्पांनी माकडटोपी काढली. घरचा पहिला ट्रॅक्टर मॅसीच होता. त्यांनी म्हाताऱ्याला हात जोडले, म्हाताऱ्याने हॅट उचलली. पुढचा प्रत्येक ट्रॅक्टरवाला हात हलवू लागला आणि आप्पा प्रत्येकाला निवडून आल्यासारखा नमस्कार करू लागले.

शेवटी जेसीबी आला. याचं माहेर शेजारच्याच स्टॅफर्डशायरमधलं. आप्पांनी सगळ्यांना हाताने मागे सारलं.

"सरका, आता फुलं उधळंल."

जेसीबी दिवे लुकलुकवत तसाच निघून गेला. आमच्याकडे पुढाऱ्यावर फुलं उधळणं आणि क्रेनएवढा हार घालणं हे त्याचं मुख्य काम. खोदाई वेळ उरला तर. इथे त्याला हे कोणी शिकवलेलंच नाही. आप्पांना त्याची दया आली.

घरी पिठल्यावर ताव मारताना त्यांनी जाहीर केलं, "औंदा कारखान्याचा पट्टा पडला की आपल्याकडंबी काढायचं. खरं एकबी ट्रॅक्टर मोकळा न्हाई. सगळ्यांला ट्रॉली."

"आणि ट्रॉलीत काय?" नवऱ्याने विचारलं.

"डॉल्बी."

सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "मग हेलिकॉप्टर आधी मागवा. वर्गणी मागनं गोळा करा."