मनगटवाले काका

हे काका तुम्हाला ठाऊक आहेतच. गाव आमचं डेल्फ्ट असो की डोंबिवली, मराठी मंडळी टेनपिन बोलिंगला निघाली की ते असतातच. बूट भाड्याचे, गोळा तिथलाच, पण मनगटाचा पट्टा घरचा. आत धातूची पट्टी, वरून वेल्क्रो. तो खरखरत उघडून पुन्हा आवळल्याशिवाय काकांची पाळी सुरू होत नाही. त्यांचा गोळा गटरमध्ये गेला, तर मनगट सैल पडलं. तुमचा गेला, तर तुमचं. वहिनींनी एका फटक्यात दहाही पिना आडव्या केल्या, तर "नशीब हो! मनगट वाकलंच होतं!"

हे म्हणणं जरा तपासायला हवं. फाउल रेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर आणि लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. मधोमध सोडलेला गोळा एका अंशाने चुकला तर तिथवर फूटभर बाजूला सरकतो. दोन अंशांनी चुकला तर पिनांपर्यंत पोचतच नाही. ही दिशा मुख्यतः खांद्यातून येते, आणि खांद्याचा पट्टा काकांनी अजून घेतलेला नाही. वेगाचंही तसंच. मीटरभर उंचीवरून झोक्यात खाली आलेल्या गोळ्याला ताशी सुमारे १६ किलोमीटरचा वेग फुकट मिळतो. आपण फक्त आड यायचं नसतं. गोळा हलका असो की जड, हा वेग सारखाच. हे कळायला डेल्फ्टकरांनी लांब जायची गरज नाही. गणितज्ञ सायमन स्टेव्हिन आणि पुढे इथला नगराध्यक्ष झालेला यान कोर्नेट्स द ग्रूट यांनी शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट जड, ३० फुटांवरून फळीवर सोडले आणि आवाज एकच आला. स्टेव्हिनने ते १५८६ मध्ये छापलं. जागा म्हणून याच गावातल्या न्यूवे केर्कचा मनोरा सांगतात. तेव्हा "जड गोळा घ्या, झपकन खाली येतो" हा काकांचा जोडसल्लाही चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

मग कसलेले खेळाडू पट्टा बांधतात ते उगाच? उगाच नाही. १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा गोळा मनगटाला मागे ढकलतो. ते सरळ राहिलं तर अंगठा आधी सुटतो, बोटं मागून, आणि फिरकी मिळते. पण भाड्याच्या गोळ्याला अंगठ्याचं भोक बहुधा ढगळ असतं. गोळा निसटू नये म्हणून मूठ आवळते, मुठीबरोबर हात ताठतो आणि झोका वाकडा जातो. अंगण वाकडं म्हणणारी निदान अंगणाकडे तरी बघते. काका भोकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

तरी त्यांना हसून मोकळं होता येत नाही. इथे कुणाच्या घरी चहाला जायचं तर आधी तारीख ठरवावी लागते. टीयू डेल्फ्टमध्ये नुकत्याच आलेल्या पोराला काका तारीख विचारत नाहीत. "अरे, मनगट!" म्हणत त्याचा हात धरतात, जेवलास का विचारतात, सायकलचा दिवा लागतोय ना तेही बघतात. अशा काकांची इथे वाढलेली मुलं आपापल्या कंपूबरोबर येतात, सैल हाताने छान खेळतात आणि बाबांना सांगत नाहीत. मग सगळी विद्या दुसऱ्यांच्या पोरांच्या वाट्याला येते. तीही पोरं शहाणी. पुढे वरणभात आहे हे ओळखून मनगट अगदी सरळ ठेवतात आणि गोळा गटरमध्ये टाकतात.