वजावट

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाली, हे अर्धसत्य आहे. थांबला तो फक्त पगार. ओळखीत कुणी ॲडमिट झालं की लोक शहाळं घेऊन जातात, आत्या लाल पेन घेऊन जाते. तब्येतीची चौकशी एका वाक्यात उरकून विचारते, "बिल किती झालंय आत्तापर्यंत? बघू."

मध्यंतरी तिचंच पित्ताशय काढायचं ठरलं. पॉलिसी 3 लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. रिकामी होती ती 5,000 ची खोली. वरचे 2,000 खिशातून भरले की सुटलो, असा माझ्यासकट सगळ्यांचा समज. आत्याचा नव्हता. "भाडं मर्यादेबाहेर गेलं की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री. म्हणजे सर्जन साठ टक्के विम्याचा, चाळीस टक्के माझा." भूलतज्ज्ञ म्हणाले, "आजी, शंभरपासून उलटे आकडे मोजा." ती म्हणाली, "आधी सुलटे जुळू देत."

डॉक्टरांनी सकाळी 'घरी जा' म्हटलं की माणूस घरी जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅशलेस घेतलेलं नसतं. हॉस्पिटलने मागणी पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असं विमा नियामकाने 2024 साली सांगून ठेवलंय. उशीर झाला तर वाढलेला खर्च विमा कंपनीचा. आत्या उशाशी घड्याळ लावून बसली. मंजुरी वेळेत आली याचं तिला जरा वाईटच वाटलं असावं.

पण मंजुरीसोबत वजावटीचा कागद आला आणि तिच्या गालांवर रंग चढला. ऑपरेशनने जे साधलं नव्हतं ते त्या कागदाने साधलं. "एका सलाइनला वीस हातमोजे? रावण आला होता का लावायला?" पुढच्याच ओळीत विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएने औषधं आणि तपासण्यांचेही चाळीस टक्के कापलेले. खोली महाग म्हणून गोळी महाग होत नाही; या गोष्टींना ती कात्री लागत नाही, हे 2020 पासून ठरलेलं आहे.

बिलिंगचा मुलगा म्हणाला, "आजी, ते सिस्टिमने कापलंय."

"मग सिस्टिमला वर बोलाव."

विमा लोकपालांकडे तक्रारीला फी नाही आणि वकील चालत नाही, हेही तिने त्याला ऐकवलं. यातलं दुसरं सांगताना तिचा चेहरा विलक्षण प्रसन्न होता. तासाभरात कापलेले पैसे परत जमा झाले. मी बॅग उचलली.

"थांब. सोमवारची सोनोग्राफी बिलात नाहीच."

"राहू द्या आजी," मुलगा हात जोडून म्हणाला, "आमच्यातर्फे."

"का? मी फुकट सोनोग्राफी करून घेणारी वाटले?"

बिल पुन्हा उघडलं, पुन्हा टीपीएकडे गेलं. आणखी तीन तास. मी बॅग खाली ठेवली आणि चहा मागवू का म्हणून विचारलं.

"पी की. पण खाली टपरीवर जाऊन पी," आत्या घड्याळ लावत म्हणाली. "पेशंट सोडून इतरांचं खाणंपिणं विम्यात बसत नाही."