भाऊसाहेबांची घोरपड

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत, निवृत्तीनंतर फंडाच्या रकमेतून एखाद-दुसरा एकर वरकस जमीन घेऊन तीवर टुमदार घर बांधणाऱ्या गृहस्थांचा जो एक वर्ग उदयास आला आहे, त्यात घोरपडवाल्यांची एक स्वतंत्र पोटजात मानावी लागेल. आमचे किन्हवलीकडचे भाऊसाहेब हे तिचे अध्वर्यू. उभी हयात महसूल खात्यात अव्वल कारकुनीत गेलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसविले असून तिला घरी डांबणे हा गुन्हा आहे, हे त्यांस कलमवार पाठ. म्हणून ते घोरपड पाळीत नाहीत. ती त्यांच्या कुंपणाच्या गडग्यात स्वखुशीने वहिवाट करून आहे, एवढेच ते अदबीने सांगतात, आणि मग तासभर तिच्याविषयीच बोलतात.

पाहुणा आला की चहापूर्वी त्याची रवानगी गडग्याकडे होते. तेथे दगडांच्या सांध्यात एक काळोखी फट आहे. भाऊसाहेब आवाज उतरवून धुळीचा पंचनामा करतात : दोहों बाजूंस नख्यांचे ठसे, मधोमध शेपटीची नागमोडी रेघ. "ही आज सकाळची. कड अजून ढासळलेली नाही." पाहुणा रेघेकडे आदराने पाहतो, कारण पाहण्याजोगे दुसरे काही नसतेच. बराच वेळ उकिडवे बसूनही जनावर दर्शन देत नाही, तेव्हा भाऊसाहेबांच्या मुद्रेवर असे काही समाधान पसरते की, ती खरोखरच बाहेर आली तर त्यांस तो आपला उपमर्द वाटेल, अशी मला शंका आहे.

याची उपपत्ती मला त्यांच्या नोकरीत सापडते. ज्या साहेबांची त्यांनी इमानेइतबारे सेवा केली, ते साहेब खुर्चीत क्वचितच असत. खुंटीवरचा कोट आणि कागदावरचा शेरा यांवरून त्यांचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध करावे लागे. अशा कचेरीत मुरलेल्या माणसास, जो सहज भेटतो तो मोठा असेल, हे पटावे कसे?

गैरहजेरीची कारणे ऋतुमानाप्रमाणे तयार असतात. पौषात म्हशाची यात्रा उरकून येणाऱ्यांस ते सांगतात की, जनावर थंड रक्ताचे, ऊन चढल्याखेरीज हालायचे नाही. ऊन चढल्यावर ती बेडूक-विंचवांच्या तपासास फिरतीवर असते. पावसाळ्यात अंडी घालण्याच्या कामी वारुळाकडे. सिंहगडच्या यशवंतीचा विषय कोणी काढला तर मात्र त्यांचे बिनसते. कमरेला दोर बांधून ती कडा चढली, याला त्यांचा आक्षेप नाही. पण इतक्या मावळ्यांदेखत ती बिळाबाहेर आली, हे त्यांस सर्वस्वी असंभाव्य वाटते.

"भाऊसाहेब, ती कवाच पल्याडच्या बांधात गेली," असे शेतावरचा ठाकर गडी सांगतो, तेव्हा ही जबानी ऐकीव ठरवून दप्तरदाखल करण्यात येते. वहिनींनी मात्र भर दुपारी, भाऊसाहेबांची वामकुक्षी चालू असता, तिला खुराड्यातून अंडे पळविताना समक्ष पाहिले आणि हाकही मारली. भाऊसाहेब धोतर सावरीत आले, त्यांनी रीतसर चौकशी केली, आणि पंच हजर नसल्याच्या सबबीवर नोंद नामंजूर केली.

"अहो, पण अंडं गेलं त्याचं काय?"

"ते मुंगसाच्या नावे टाका."