मायक्रोभाऊ

खामगावात भाऊ गल्लोगल्ली सापडतात. कापसाचे वेगळे, चांदीचे वेगळे, राजकारणातले तर मोजायलाच नकोत. आमच्या गल्लीतला भाऊ मात्र मायक्रोसेकंदांचा. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघाला, चिपा तयार करणाऱ्या एका कंपनीत लागला आणि आता घरूनच काम असल्यामुळे माडीवर बसून जगाचा उशीर कमी करतो. “पोट्टं वर बसून वेळ वाचवून राह्यलं,” असं त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. वेळ कोणाचा वाचतो ते कळत नाही, कारण चार हाका मारल्याशिवाय तो जेवायला उतरत नाही.

भाऊला मधला वेळ सोसत नाही. चहा उकळेपर्यंतचा, फटफटीचा गिअर पडेपर्यंतचा, समोरचा माणूस तंबाखू मळून तोंड उघडेपर्यंतचा. मुंबईची गाडी सोडून जलंबच्या फलाटावर खामगावच्या गाडीची वाट बघायची वेळ आली की तो नुसत्या येरझारा घालतो. ही जेमतेम 13 किलोमीटरची शाखा लॉर्ड मेयोनं 1870 साली कापसासाठी खुली केली. तेव्हापासून कापसाच्या गाठींनी कधी तक्रार केली नाही, भाऊ करतो.

“तू नेमकं करतं तरी काय बे?” असं शेजारच्या काकांनी एकदा सहज विचारलं आणि ते अडकले.

“काका, कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जोडणारी लिंक असते. पीसीआय एक्स्प्रेस. सुरुवात कायम 2.5 नं, म्हणजे एका लेनवर सेकंदाला अडीच अब्ज बिट. 2007 ला 5 आलं, 2010 ला 8, 2022 ला तर 64! पण कार्ड कितीही नवं असो, पहिली भेट अडीचवरच. काम नसलं की वीज वाचवायला वेग खाली, काम आलं की वर. आणि वेग बदलायचा म्हणजे सगळी वाहतूक ठप्प! तारा गप्प. घड्याळ नव्या ठेक्यावर स्थिर व्हायचं, ऐकणाऱ्यानं बिट पुन्हा पकडायचे. 8 वर पहिल्यांदा जाताना तर दोन्ही टोकं चार टप्प्यांत एकमेकांना सांगत बसतात, जरा जोर लाव, जरा कमी कर, हां, आता ऐकू येतं. त्यातल्या काही टप्प्यांना 24 मिलिसेकंदांपर्यंत मुभा! काका, 24!”

काकांनी सुपारी कातरली. “मिन्टं?”

“मिलिसेकंद! एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले 24.”

“मंग यवढ्यासाठी रडतं काऊन?”

भाऊकडे यावर उपाय आहेत. पहिला, दोन वेगांची दोन घड्याळं कायम चालू ठेवायची, म्हणजे बदलताना घड्याळ स्थिर व्हायची वाट बघायला नको. वीज मात्र जास्त जाते. हा उपाय त्यानं घरी दिवसभर गिझर चालू ठेवून करून पाहिला. बिल आलं त्या दिवशी आईनं तो बंद पाडला. दुसरा उपाय, एकदा जमलेली जुळणी लक्षात ठेवायची, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा ते चार टप्पे नकोत. आणि तिसरा त्याचा सगळ्यात लाडका. 2019 च्या पाचव्या आवृत्तीपासून मधल्या 8 आणि 16 ची जुळवाजुळव टाळून अडीचवरून थेट 32 गाठता येतं, मात्र दोन्ही टोकांची तयारी असेल तरच. हे शेवटचं कलम भाऊ कंपनीत पाळतो, घराबाहेर विसरतो.

चिखलीला मुलगी पाहायला गेला, तिथं हेच झालं. मुलीच्या मामांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली, “पाऊसपानी काय म्हन्ते तुमच्याकडे?”

“ॲपवर येतं सगळं.”

“मूळ गाव कोनतं म्हना?”

“बायोडेटात आहे. मी मुलीशी डायरेक्ट बोलू का?”

पोह्यांची बशी मामांच्या हातातच थांबली. मग मामा मेहकरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलू लागले आणि उठेपर्यंत बैठक त्या खड्ड्यांतून वर आली नाही. परतताना भाऊनंच निदान केलं, “चुका वाढल्या की लिंक खालच्या वेगावर येते.”

आईनं दुसऱ्या दिवशी चिखलीला फोन लावला. “तुमची थोरली जाऊ मेहकरची ना? साखरपुड्यात भेटली होती. कंबर कशी हाये आता तिची?” पलीकडून “अगं बाई, तुम्ही त्या होय!” असं ऐकू आलं आणि तिसऱ्या वाक्याला आई मुद्द्यावर होती. “पोट्टं चांगलं हाये, फक्त बोलनं सुरू व्हायच्या आधीच बोलून राह्यलं.” भाऊ जिन्यात उभा राहून ऐकत होता. ज्यासाठी तो वर्षभर माडीवर घाम गाळत होता ते आईनं कंबरदुखीच्या जोरावर केलं होतं. तिनं ओळखीला फाटा दिला नाही, जुनीच ओळख कामाला लावली.

त्या रात्रीच त्यानं वही घातली. मी ती पाहिली आहे. ‘दूधवाला : आधी म्हैस, मग हिशेब.’ ‘शेजारचे काका : आधी गुडघा, मग सोयाबीन, मग काम.’ ‘चिखलीचे मामा : पाऊस. पूर्ण ऐकणे. ॲपचे नाव काढू नये.’

वहीचा गुण आला. दूधवाल्याचा हिशेब मिटला, चिखलीहून दुसऱ्यांदा बोलावणंही आलं. आता भाऊ गल्लीत जरा छाती काढून फिरू लागला. मागच्या आठवड्यात त्याला काकांची शिडी हवी होती. वहीत पाहून तो गेला आणि एका दमात म्हणाला, “काका, गुडघा बरा ना? सोयाबीनला भाव काय? शिडी नेऊ का?”

पण परिस्थिती बदलली की जतन केलेली जुळणी चालत नाही, सगळे टप्पे पुन्हा करावे लागतात. हे भाऊच आम्हाला सांगत असतो.

“कोनता गुडघा बे?” काका खुर्चीत सावरून बसले. “आकोल्याले बदलून आनला ना! बस. पयल्यापासून सांगतो.”

अर्ध्या तासानं भाऊनं हळूच विचारलं, “मग काका, सोयाबीन?”

“थांब ना बाप्पा, आता तर भूल देली!”