भूगोलाच्या मास्तरांस, उपांत्य फेरीपूर्वी एक अनावृत पत्र

प्रिय मास्तर यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, येत्या मंगळवारी रात्री साडेआठला आपल्या क्विझ लीगच्या चषकाची उपांत्य फेरी आहे आणि सोडतीत पुन्हा तुमचीच चिठ्ठी आमच्या चिठ्ठीशेजारी निघाली आहे. सामना आमच्या पबात. हे पत्र मी तिथल्या फळ्यावर, डार्ट्सचं वेळापत्रक आणि हरवलेल्या मांजराची सूचना यांच्या मधोमध लावणार आहे. पत्र खुलं आहे, कोणीही वाचावं. मराठीत आहे, त्यामुळे पश्चिम यॉर्कशरच्या या जुन्या गिरणगावात ते कोणाला वाचता येईल असं मला गेल्या नोव्हेंबरपर्यंत तरी वाटत नव्हतं. नोव्हेंबरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मीही त्यावर येणारच आहे.

एक प्रत महाराष्ट्रात पाठवतोय, तेव्हा तिथल्या मंडळींसाठी नियम सांगावे लागतील. तुम्ही तेवढा वेळ चष्मा पुसा. पुसताच नाहीतरी.

दोन पब, चार-चार माणसं. प्रत्येकाला आपापला प्रश्न येतो. एकट्याने बरोबर उत्तर दिलं तर दोन गुण, चौघांनी डोकी एकत्र करून दिलं तर एक. चुकलं तर प्रश्न पलीकडच्या टेबलावर जातो आणि तिथे उत्तर आलं तर तो एक गुण त्यांचा. लीगमधली सगळी भांडणं या पलीकडे गेलेल्या एका गुणाची असतात. प्रश्न तिसऱ्याच कुठल्या तरी पबाचा संघ काढतो, उत्तरं कार्डावर छापून येतात आणि वाचणाऱ्याचा शब्द शेवटचा. चषकाच्या सामन्यात आणखी एक गंमत: दुबळ्या संघाला सुरुवातीलाच काही गुण आंदण मिळतात. इंग्रज याला हँडिकॅप म्हणतात. आमच्याकडे लिंबूटिंबू म्हणतात. तुम्ही पहिल्या विभागात, आम्ही दुसऱ्या, म्हणून मंगळवारी आम्ही नऊ गुण पुढे असू. हा आमचा अपमान आहे. नऊच्या नऊ घेणार आहोत.

तुमच्या देशात हे खूळ वाढलं ते दुकानदारीतून, हे तुम्हीच मला एकदा सांगितलंत. 1970च्या दशकात शेरॉन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी दक्षिण इंग्लंडातल्या पबांना क्विझ विकायला सुरुवात केली, कारण आठवड्यातल्या मधल्या रात्री पब ओस पडत. मंगळवारी माणसं बाहेर काढायची तर काहीतरी निमित्त हवं. मला हे कळल्यावर मोठी मौज वाटली. मी वाढलो त्या पुण्यात सामान्य ज्ञान ही नोकरीची गोष्ट होती. एमपीएससीसाठी पिवळ्या पानांची जाडजूड पुस्तकं घोकायची, त्यातलं नव्वद टक्के आयुष्यात कधी लागणार नाही हे माहीत असून घोकायची. मी दोनदा नापास झालो, रेडिओग्राफर झालो आणि इथल्या इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढू लागलो. आणि तीच पिवळी पानं वीस वर्षांनी बिअरच्या वासात कामाला आली. आईला अजून नीट सांगितलेलं नाही. ‘मंगळवारी परीक्षा असते’ एवढंच तिला ठाऊक आहे.

आमच्या संघात माझं पद ‘भारत’ हे आहे. फुटबॉल प्लंबरकडे, राजघराणी आणि टीव्हीवरच्या मालिका आमच्या कर्णधारबाईंकडे. त्या बस चालवतात आणि 1980 साली ‘मास्टरमाइंड’ जिंकणारा फ्रेड हाउसगो लंडनचा टॅक्सीवाला होता, हे दर मोसमात एकदा तरी ऐकवतात. शास्त्र म्हणजे ग्रंथालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. आणि दक्षिण आशियाबद्दल काहीही आलं की तीन माना माझ्याकडे वळतात. काही वेळा निभावतं. बॅडमिंटनला एकेकाळी कोणत्या शहराचं नाव होतं? पूना. विनोदवीर स्पाइक मिलिगन कुठे जन्मला? अहमदनगरला, 1918 साली. आता त्या गावाला अहिल्यानगर म्हणतात, हेही मी न विचारता सांगितलं आणि जास्तीचा गुण मागितला. मिळाला नाही. कोणत्या राजकन्येच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांकडे आली? ब्रगांझाची कॅथरीन, 1661चा तह. त्या रात्री प्लंबरने मला पाजली होती. पण पेशव्यांची वंशावळ? आठ वर्षांत एकदाही नाही. हेन्री आठव्याच्या सहा बायका मात्र मी अडीचकीच्या पाढ्यासारख्या पाठ केल्या, कोणाचं डोकं उडालं आणि कोण बचावली यासकट.

आता मुद्द्याचं बोलू. गेल्या वर्षीची उपांत्य फेरी.

शेवटून दुसरा प्रश्न, माझा. ‘भारताची राष्ट्रभाषा कोणती?’ मास्तर, त्या क्षणी मला झालेला आनंद तुम्हाला कळणार नाही. ज्या देशाचा पासपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे, त्याच्याबद्दल एक फसवा प्रश्न, आणि मला फसवणूक दिसली होती. मी ताठ बसलो आणि म्हणालो, “भारताला राष्ट्रभाषा नाही.” वाचणाऱ्याने कार्ड पाहिलं. कार्ड उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे दयेने पाहून म्हणाला, “नाही, तसं इथे दिलेलं नाही.” प्रश्न तुमच्या टेबलावर गेला. तुम्ही ग्लास खाली ठेवलात, चष्मा पुसलात, जणू फार खोलवरून काहीतरी काढायचं आहे, आणि म्हणालात, “हिंदी.”

एक गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

मराठी माणूस, यॉर्कशरमध्ये, हिंदीपायी बाद. घरी फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, “अपील कर.” कोणाकडे करणार? वाचणाऱ्याचा शब्द शेवटचा.

कार्ड चुकतं कसं, याचं एक उदाहरण मी तेव्हा हातवारे करून तुम्हाला सांगत होतो आणि तुम्ही कोट चढवत होता. आता निवांत ऐका. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन लेखकाने आपल्या सामान्य ज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली होती: टीव्हीवरचा गुप्तहेर कोलंबो, त्याचं पहिलं नाव म्हणे फिलिप. कोणी पुस्तक उचललं तर चोर सापडावा, एवढाच हेतू. पुढे दोन कॅनेडियन पत्रकारांनी 1979 साली रचलेला ‘ट्रिव्हिअल पर्सूट’ हा प्रश्नोत्तरांचा खेळ जगभर गाजला आणि त्याच्या एका कार्डावर कोलंबोचं नाव काय, तर फिलिप. वर्थने 1984 मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. हरला. तथ्यांवर कोणाची मालकी नसते, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे बघा, खोटं सापडलं, ते कुठून आलं तेही सापडलं, आणि तरी ज्याने ते पेरलं त्याच्या हाती काही आलं नाही. प्रश्न काढणारा एका पुस्तकातून उचलतो, ते पुस्तक दुसऱ्यातून, आणि ‘भारताची राष्ट्रभाषा हिंदी’ हे वाक्य पबापबांतून असंच फिरतंय. चिंचेच्या झाडावरच्या भुतासारखं. पाहिलेलं कोणी नाही, पत्ता सगळ्यांना माहीत.

तुम्ही मात्र ते तिथेच सोडलं नाहीत. पुढच्या रविवारी भर पावसात, टोपीवरून पाणी निथळत, तुम्ही माझ्या दारात उभे होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक छापील कागद. भारतीय राज्यघटनेचं कलम 343: देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा. ‘राजभाषा’वर पिवळी शाई. खाली आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषा, क्रमांक घालून. आणि तळाशी पेन्सिलीने, मास्तरी अक्षरात: ‘तुमचं बरोबर होतं. निकाल कायम.’

मी तुम्हाला चहा दिला. आलं घातलेला. तुम्ही दोन कप प्यालात आणि त्या बावीस भाषांपैकी माझी कोणती, असं विचारलंत. मी बोट ठेवून दाखवली. ही माझी घोडचूक.

कारण मग नोव्हेंबर आला. लीगचा साधा सामना, तुमचा पब, माझा प्रश्न. ‘मांगूस हा इंग्रजी शब्द कोणत्या भारतीय भाषेतून आला?’ मास्तर, खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते बरोबर होतं. लहानपणी आमच्या परसातून जे धावत जायचं त्याला आम्ही मुंगूसच म्हणायचो. पण मला गेल्या वर्षीचं कार्ड आठवलं. म्हटलं, खरं बोलून एकदा तोंड पोळलंय. या प्रश्न काढणाऱ्यांच्या लेखी भारतातली हर चीज हिंदी असते. आता सत्य नको, कार्ड ओळखायचं. आणि मी म्हणालो, “हिंदी.”

“नाही.”

प्रश्न पलीकडे गेला. तुम्ही ग्लास ठेवलात. चष्मा या वेळी पुसलाच नाहीत. “मराठी,” तुम्ही म्हणालात. आणि मग, गरज नसताना, माझ्याकडे बघून, “मुंगूस.” उच्चारासकट. ‘गू’ दीर्घ.

आमचा प्लंबर अजून मला त्याच नावाने हाक मारतो.

मी पुण्यात वाढलोय, त्यामुळे सभ्य भाषेतला अपमान मला सात फुटांवरून वास येऊन कळतो. दुपारी एक ते चार बंद असलेल्या दुकानांच्या पाट्या वाचत मोठा झालोय. पण तुमच्या ‘हार्ड लक’ला तोड नाही. सामना संपल्यावर उठून, हात पुढे करून, डोळ्यांत खराखुरा कळवळा आणून तुम्ही ते जे दोन शब्द म्हणता, त्यानंतर माणसाला घरी जाऊन थेट विश्वकोश उघडावासा वाटतो. मी उघडतो. गेल्या महिन्यात आफ्रिकेच्या चोपन्न राजधान्या केल्या. बायको म्हणते, एवढा अभ्यास तेव्हा केला असता तर आज तहसीलदार असतास. असतो, पण तुम्ही कुठे भेटला असता?

आणखी एक तक्रार, किरकोळ. तुमच्या तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईंना बारा महिने खोकला असतो. माझा कोणावर संशय नाही. पण ज्या देशात टीव्हीवरच्या क्विझमध्ये मेजर चार्ल्स इंग्रम दहा लाख पौंडांच्या प्रश्नापर्यंत दुसऱ्याच्या खोकल्यावर पोहोचला आणि 2003 मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, त्या देशात मंगळवारी रात्री खोकणाऱ्याने खिडकीजवळ बसावं, एवढीच विनंती. खोकल्याच्या गोळ्या आम्ही ठेवू.

तुमच्या माहितीसाठी: उपांत्यपूर्व फेरीत आम्ही बरोबरी फोडून आलोय. ब्लॅकपूल टॉवर किती फूट उंच, ज्याचं उत्तर जवळ तो विजयी. समोरच्यांनी सातशे म्हटलं. आमच्या प्लंबरने सांगितलं पाचशे वीस. उत्तर पाचशे अठरा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता, म्हणाला. त्यावर तुमची आठ वर्गांची भूगोलाची पुस्तकं काय करणार आहेत, ते मला बघायचंय.

जेवणाचं म्हणाल तर यजमान आम्ही, त्यामुळे नेहमीचं पाय आणि वाटाणे पबवाली करेल. बटाटेवडे मी आणतोय. गेल्या खेपेला तुम्ही पाच खाल्लेत आणि मधल्या विश्रांतीनंतर सलग तीन प्रश्न चुकलात. यंदा चाळीस करतोय. तुमच्यासाठी कमी तिखटाचे वेगळे काढणार आहे. हा डाव आहे, आणि तो मी उघड सांगतोय, कारण तुम्ही तरीही खाणार.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
दुसऱ्या विभागातला ‘भारत’

ता. क. मुंगूस नपुंसकलिंगी आहे. ते मुंगूस, अनेक मुंगसं. मंगळवारी कार्डावर काहीही छापलेलं असो.